आठवीतल्या मुलासाठी बोर्डिंग शाळा : इकडे की तिकडे? आणि मुळात पाठवावं का?

तंबाखूबाजार
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही निपाणीचे. कापडाचं दुकान आहे. मुलगा आठवीत, इंग्लिश मीडियम, स्टेट बोर्ड, जूनमध्ये नववीला जाईल. ढ नाही, पण घरात कुणाचं ऐकत नाही. शाळेतून आला की मोबाईल, जेवताना मोबाईल, संडासातसुद्धा मोबाईल. आम्ही दोघं नऊ-साडेनऊपर्यंत दुकानात. दिवाळीला मेहुण्यांकडे गेलो होतो. त्यांचा पोरगा पाचगणीला असतो, जेवण झाल्यावर आपलं ताट आपण घासून ठेवलं त्यानं. ते बघून आमच्या हिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून घरात हाच विषय.

बजेट वर्षाला तीन लाख, ताणून साडेतीन. पाचगणी, पन्हाळा, की आपल्या कर्नाटकातच बघू? सैनिक शाळेचं काय असतं? कुणाचा अनुभव असेल तर सविस्तर लिहा.

रानजाई
ताट घासायला तीन लाख? आमच्याकडे पाठवा, खानापूरला. एकत्र कुटुंब आहे, भांडी भरपूर. फुकटात शिकवू.

गणेशपूर_गल्ली
काय गा भावा, एवढं कशाला टेन्शन घेऊलाईस? राऊटर बंद करून दुकानात ने की. स्वस्त आणि मस्त.

माजी_कॅडेट
सैनिक शाळेबद्दल मी सांगतो, सात वर्षं विजापुरात काढली आहेत.

प्रवेश दोनच वर्गांत, सहावी आणि नववी. अखिल भारतीय परीक्षा असते. नववीसाठी ३१ मार्चला वय १३ ते १५ च्या मध्ये हवं. सहावीचा पेपर मराठीत, कन्नडमध्येही देता येतो, नववीचा मात्र फक्त इंग्रजीत, ४०० मार्कांचा. अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटी निघतात, म्हणजे तुमच्या मुलाची गाडी बहुतेक सुटली. तारीख एकदा बघून घ्या.

सीमाभागातल्या लोकांनी एक लक्षात ठेवायचं. ६७ टक्के जागा त्या राज्यातल्या मुलांना आणि ३३ टक्के बाहेरच्यांना. आपण मनानं कुठेही असू, डोमिसाईल कर्नाटकाचं. म्हणजे विजापूर किंवा कोडगूला आपण 'घरचे' आणि सातारला 'परप्रांतीय'. सातारची शाळा देशातली पहिली सैनिक शाळा (१९६१), आमची १९६३ ची. निपाणीला सातारा जवळ पडतं म्हणून सगळे तिकडे धावतात आणि ३३ टक्क्यांत अडकतात.

बेळगावात कॅम्पमध्ये मिलिटरी स्कूल आहे, १९४५ पासूनचं. पण तिथं बहुतेक जागा जवान आणि जेसीओंच्या (सैन्यातले कनिष्ठ अधिकारी) मुलांसाठी. सिव्हिलियनला फार थोड्या.

आणि शेवटचं, राग मानू नका. सैनिक शाळा म्हणजे सुधारगृह नव्हे. मोबाईल सोडवायला मुलगा पाठवलेले आईबाप दर वर्षी दोन-तीन असायचे आमच्या बॅचला. त्यांची मुलं पहिल्या टर्मला घरी. ज्याला स्वतःला यायचं होतं तोच टिकला.

टिळकवाडी_सायकल
वरच्यांचं शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

माझं मत कडू आहे. पन्नासातली पंचेचाळीस मुलं आईबापांच्या सोयीसाठी बोर्डिंगला जातात. धागाकर्त्यानं स्वतःच लिहिलंय, साडेनऊपर्यंत दुकानात. तेरा वर्षांचं पोर चार ते साडेनऊ एकटं घरात. ते मोबाईलशी बोलणार नाही तर कुणाशी, भिंतीशी? दुकानाला एक माणूस ठेवा, दोघांपैकी एकानं सहाला घरी जा. वर्षाला तीन लाखांत दोन माणसं ठेवून होतील.

तंबाखूबाजार
@टिळकवाडी_सायकल, दुकान चालवून बघा एकदा. लग्नसराईत मालक गल्ल्यावर नसला की काय होतं ते माहीत नाही तुम्हाला. बोलणं सोपं असतं.

@माजी_कॅडेट, धन्यवाद. तारीख बघितली, गेली.

अथणीचा_ऊस
नवोदय (केंद्र सरकारची निवासी शाळा) बघितलं का? आपल्या जिल्ह्याचं चिकोडी तालुक्यात कोथळीला आहे, निपाणीपासून फार लांब नाही. माझी पुतणी तिथं शिकली. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं सरकारी. नववीपासून काही मुलांना महिन्याला ६०० रुपये विकासनिधी असतो, मुलींना तोही नाही. मुख्य भरती सहावीला. नववीला रिकाम्या राहिलेल्या जागांची वेगळी परीक्षा असते, पण जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि मुलगा आठवी त्याच जिल्ह्यात शिकत असला पाहिजे.

यांची एक पद्धत मला फार आवडते. नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात. पुतणी गेली तेव्हा रडत गेली, आली ती हिंदीत भांडत आली.

सीमेवरचा_सीए
सगळे शाळा सांगताहेत, कागद कुणी सांगत नाही. मी कागदाचं सांगतो, कारण बारावीनंतर माझ्याकडे येऊन डोक्याला हात लावणारे पालक दर जूनला बघतो.

कर्नाटक सीईटीतून इंजिनिअरिंग वगैरे हवं असेल तर साधा रस्ता असा : पहिलीपासून बारावीपर्यंत किमान सात वर्षं कर्नाटकात शिक्षण, आणि दहावी किंवा बारावी इथून पास. तुमच्या मुलाची आठ वर्षं झाली. नववी-दहावी महाराष्ट्रात करून पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) परत आला तर बसतो. पण नववी ते बारावी चारही वर्षं तिकडे काढली की हा रस्ता बंद, मग दुसऱ्या कलमात कुठं बसतोय ते शोधत बसा.

दुसरी बाजू : महाराष्ट्राच्या सीईटीत वादग्रस्त सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी वेगळा प्रकार आहे. महाराष्ट्र दावा सांगतो त्या ८६५ गावांच्या यादीत निपाणी येतंच. त्याला दाखले लागतात आणि दहावी-बारावी सीमाभागातल्या किंवा महाराष्ट्रातल्या संस्थेतून लागते. म्हणजे बेंगळूर, म्हैसूरकडच्या बोर्डिंगला टाकलात तर हा रस्ता आखडतो. अटी दर वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचा, माझ्या भरवशावर राहू नका. फी न घेता सांगितलंय.

अजून एक. सीबीएसईला जाणार असाल तर नववीत जा. नोंदणी नववीतच होते. 'एक वर्ष इथं काढू, दहावीला टाकू' हे जमत नाही.

रानजाई
सीए फी न घेता बोलला. वाचनखूण साठवली.

गणेशपूर_गल्ली
म्हणजे बाळ जन्मल्या जन्मल्या आधी सीएकडे न्यायचं, मग बारशाला.

तंबाखूबाजार
सीए साहेब, खरंच उपकार झाले. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

आता एक गंमत ऐका. गेल्या रविवारी घाटावरच्या एका शाळेत जाऊन आलो. बाग सुंदर, स्विमिंग टँक, घोडे, सगळं. मुलाखतीत बाईंनी मुलाला मराठीचा एक उतारा वाचायला दिला. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे म्हणाल्या. आमचा पठ्ठ्या अडखळायला लागला. घरात चोवीस तास मराठी, पण शाळेत पहिली भाषा इंग्रजी, दुसरी कन्नड, तिसरी हिंदी. मराठी अक्षरं हिंदीमुळे येतात, पण जोडाक्षराशी थांबतो, 'ळ' ला ठेचकाळतो. कन्नड मात्र खाडखाड वाचतो. बाई म्हणाल्या, "तुम्ही मराठीच ना?" आजोबा १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठी खाऊन आलेले. मी काय उत्तर देणार?

परत येताना कागलपर्यंत कुणी बोललं नाही.

वडगावची_वहिनी
हे वाचून पोटात कालवलं. आमच्याही घरी हीच गत. थोरली मराठी शाळेत शिकली, धाकट्याला इंग्लिशमध्ये घातलं. थोरली आजीला पुराण वाचून दाखवते, धाकटा व्हॉट्सॅपवर मराठी रोमन अक्षरात लिहितो.

टिळकवाडी_सायकल
यात लाजण्यासारखं काय आहे? इथं राहायचं तर कन्नड आलंच पाहिजे. २०१५ च्या कायद्यानं तर सीबीएसई, आयसीएसई सगळीकडे पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावं लागतं. चार भाषा येणारं पोर आहे ते, एकीत जरा कच्चं. सुट्टीत रोज एक पान मोठ्यानं वाचून घ्या, दोन महिन्यांत होईल. मात्र त्यासाठी सहाला घरी यावं लागेल. (आता पळतो.)

अथणीचा_ऊस
कृपया धाग्याचं बेळगाव प्रकरण करू नका. मूळ प्रश्न शाळेचा आहे.

खडूफळा
उशिरा येतोय. मी नऊ वर्षं एका डोंगरावरच्या निवासी शाळेत शिकवलं, त्यातली सहा हाऊस मास्टर म्हणून मुलांच्या इमारतीतच राहिलो. शाळेचं नाव सांगणार नाही, बाकी सगळं सांगतो.

बाग, टँक, घोडे हे पालकांसाठी असतात. मुलाचं आयुष्य चार ठिकाणी घडतं : डॉर्मिटरी, मेस, बाथरूम आणि संध्याकाळची प्रेप, म्हणजे एकत्र बसून करायचा अभ्यास. ही चार दाखवा म्हणा. 'आत्ता मुलं आहेत, नंतर दाखवू' म्हणाले तर चहा पिऊन निघा. रविवारी जाऊ नका, रविवारी सगळ्या शाळा चांगल्या असतात. मंगळवारी जा, मुलांच्या पंगतीत बसून जेवा. आमटी पातळ आहे का हे बघायला नव्हे हो, ती सगळीकडे पातळच असते. मुलं जेवताना बोलतात का ते बघायला. आठवी-नववीची पोरं जेवताना गप्प असतील तर तिथं काहीतरी भीती आहे.

रात्रीचं विचारा. रात्री दहा ते सकाळी सहा इमारतीत मोठं माणूस कोण असतं? किती मुलांमागे एक? नर्स रात्री असते की डॉक्टरांचा नुसता फोन नंबर? ताप एकशे तीनला गेला तर गाडी कुणाची, दवाखाना किती लांब? आमच्याकडे पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की तास-तास खोळंबा व्हायचा. हा प्रश्न नऊ वर्षांत मला फक्त एका आईनं विचारला. ती स्वतः नर्स होती.

मोठ्या मुलांच्या हातात किती सत्ता आहे ते काढून घ्या. प्रीफेक्ट, हाऊस कॅप्टन सगळीकडे असतात, वाईट नाही. पण शिक्षा द्यायचा अधिकार पोरांच्या हातात असेल तर नको. मारायला तर कायद्यानंच बंदी आहे, शिक्षकालाही. लहान मुलांना विचारा, "सीनिअरची कोणकोणती कामं करता?" हसून पटापट सांगितलं तर ठीक. एकमेकांकडे बघायला लागली तर समजा.

आणि नववी हे येण्यासाठी सगळ्यात अवघड वर्ष. सहावीत सगळेच नवे, सगळेच रडतात. नववीत टोळ्या ठरलेल्या असतात, बाहेरून आलेला एकटा पडतो. त्याच वर्षी नववीत अजून किती नवे येणार हे विचारा. सहा-आठ असतील तर एकमेकांना धरून राहतात. हा एकटाच असेल तर मी तरी पाठवणार नाही.

कित्तूरवाली
खडूफळा सर, साष्टांग.

मी कित्तूरच्या राणी चन्नम्मा सैनिक शाळेची. मुलींची शाळा, १९६९ ची. माझ्या बाबांनी सहावीला घातलं तेव्हा गावात बायका आईला म्हणाल्या, पोरगी जड झाली होती का? पहिले तीन महिने मी रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे. शेजारच्या कॉटवरची गदगची मुलगी पण रडायची, तिला मराठी येत नव्हतं, मला तिचं कन्नड कळत नव्हतं. दोघींनी रडत रडत एकमेकींची भाषा शिकली. आज ती कलबुर्गीत डॉक्टर आहे, रोज फोन असतो. ती माझ्याशी मराठीत भांडते, मी तिला कन्नडमध्ये शिव्या देते.

पण खरं सांगू? मी माझ्या मुलीला नाही पाठवलं. लायकी शाळेची कमी नाही, माझीच छाती झाली नाही.

माजी_कॅडेट
शेवटच्या ओळीला कडक सॅल्यूट.

पोटमाळा
एक वाईट अनुभव, सावध करायला म्हणून.

आम्ही मुलाला आठवीत एका खाजगी निवासी शाळेत घातलं. फी भरली, डिपॉझिट भरलं, ब्लेझर, ट्रंक, दोन जोड बूट, सगळं त्यांच्याच दुकानातून. गणपतीला आला तेव्हा किलो-दोन किलो उतरलेला. काही बोलेना. मावशीनं डोक्याला तेल लावताना कानामागं वळ बघितला. मग एकेक बाहेर आलं. शाळेचं उत्तर, "बॉईज विल फाईट, ही विल टफन अप." आम्ही त्याच आठवड्यात काढून आणला. डिपॉझिट परत मिळालं नाही, कारण फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलेलं, एक टर्म आधी लेखी नोटीस हवी. ती ओळ सही करायच्या आधी शोधा. आणि आठवड्याला एक तरी फोन मुलगा एकट्यानं, शेजारी वॉर्डन न बसता करू शकतो का, हे लिहून घ्या. आमच्याकडे फोन स्पीकरवर असायचा.

पोरगा आता बरा आहे. बेळगावातच शिकतो. पण तीन वर्षं झाली, अजून शिट्टी वाजली की दचकतो.

वडगावची_वहिनी
देवा. लेकराला माझा आशीर्वाद सांगा.

रानजाई
वातावरण जड झालं, म्हणून थोडं अवांतर. आमच्या आजोबांच्या पिढीत 'बोर्डिंग' म्हटलं की कोल्हापूर. शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग समाजासमाजाची काढत गेले. आजोबा पडशीत भाकरी आणि खर्डा बांधून गेले होते. फी? वर्षाला जोंधळ्याचं पोतं.

अथणीचा_ऊस
अवांतरात भर : कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये होते आणि त्यांना तिथून काढून टाकलं होतं. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले आणि परत येऊन आंघोळ करायला नकार दिला म्हणून. पुढं त्यांनीच सातारला सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवणारं बोर्डिंग काढलं. तेव्हा तंबाखूबाजार, पोरगा ऐकत नाही म्हणून फार घाबरू नका.

गणेशपूर_गल्ली
आणि पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये फ्रेडी मर्क्युरी शिकला. झांझिबारच्या पारशाचं पोरगं. आईबापानं शिस्त लागावी म्हणून पाठवलं असणार. लागली का ते तुम्हीच ठरवा.

खडूफळा
हाहा. पियानो तिथंच शिकला म्हणतात. अशा शाळांत एक गोष्ट खरी असते, संध्याकाळ मोकळी असते आणि मोबाईल नसतो, त्यामुळे पोरं काहीतरी उद्योग काढतात. कुणी तबला, कुणी हॉकी, एक जण माझ्याकडे चार वर्षं नुसता सुतारकाम करत होता. ते घरी होणं अवघड.

निप्पाणी_टू_अर्जुननगर
तुमच्याच गावचा आहे, म्हणून लिहितो. घाई काय आहे? दहावी घरी राहून होऊ दे. मग अर्जुननगरला देवचंद कॉलेज आहेच की. निपाणीला लागून, पण कागल तालुक्यात, जिल्हा कोल्हापूर, शिवाजी विद्यापीठ. पोरगं सकाळी घरून चालत महाराष्ट्रात जातं आणि दुपारी जेवायला कर्नाटकात येतं. मी तसंच शिकलो. जेवण मात्र गरम मिळायचं.

सीमेवरचा_सीए
कागदाच्या दृष्टीनं हा उत्तम पर्याय, कारण दहावी सीमाभागात राहते. कर्नाटक सीईटीलाही दहावी इथली म्हणून आधार राहतो, तरी बारावीबाबतची त्या वर्षाची अट तपासा.

टिळकवाडी_सायकल
एक प्रश्न, आणि तो या अख्ख्या धाग्यात कुणी विचारला नाही, मीसुद्धा. मुलगा काय म्हणतोय?

तंबाखूबाजार
दोन आठवडे इकडे आलो नव्हतो. खरं सांगायचं तर सायकलवाल्यांच्या प्रश्नानं आलो नाही. कारण विचारलंच नव्हतं.

धाग्यात एक लिहायचं टाळलं होतं. आमची आई मे महिन्यात गेली. मुलगा शाळेतून आला की आजी असायची. दूध, चुरमुरे, दिवेलागणीला शुभंकरोती, मग दोघं मिळून सिरियल. आता कुलूप उघडून येतो. मोबाईल जूनपासून वाढला, हे मला हा धागा परत वाचताना लक्षात आलं. त्याच्या आईला आधीच आलं होतं म्हणते.

परवा दुकान सातला बंद केलं. (होय, सायकल साहेब. लग्नसराई संपली आहे, एवढं खूष होऊ नका.) मुलाला हा धागा दिला वाचायला. सगळा वाचला, मधे मधे हसत होता, पोटमाळा यांचं वाचून गप्प बसला. नंतर म्हणाला, "मला जायचं नाही असं नाही. पण मला घालवायला म्हणून पाठवणार असाल तर नको." तेरा वर्षांचं पोर आहे हो. मला काय बोलावं कळेना, मी आत जाऊन पाणी प्यायलो.

ठरलं असं : नववी इथंच. सातच्या पुढं दुकानात मी एकटा, ही घरी. पन्हाळ्याकडची एक शाळा मंगळवारी बघायला जाणार आहोत, तिघंही, नुसतं बघायला. पंगतीत जेवणार. खडूफळा सरांचे प्रश्न हिनं वहीत उतरवलेत. मुलानं स्वतःचे चार वेगळे काढलेत, मराठीत लिहून, 'ळ' सगळे बरोबर. त्यातला पहिला इथं विचारतो, जाणकारांनी उत्तर द्यावं : रविवारी दुपारी झोपता येतं का?

माजी_कॅडेट
येतं. पण मग कपडे धुवायचे राहतात.

कित्तूरवाली
आणि सोमवारी ओले मोजे घालून पीटी.

रानजाई
बाकीचे तीन प्रश्न काय आहेत?